होळीचं झाड खाली टेकवलं नाही

दादा, काल तुझं तेरावं झालं आणि भात शिजवायला टोप नव्हता. गावकीचे टोप आहेत, चांगले मोठे तीन आहेत, पण ते गेले वरच्या आळीत. त्यांची झाकणं राहिली खालच्या आळीत. मग शेजारचा महेश कडावला जाऊन मंडपवाल्याकडून टोप घेऊन आला. त्याच्यावर आपली झाकणं बसेनात. शेवटी कोणीतरी गोठ्यावरचा पत्रा आणून ठेवला आणि वर दोन धोंडे. वहिनी ओटीवरून बघत होती. म्हणाली, "ह्येंच्या जेवनाला येक झाकन पन मिळालं नाय." मला आधी हसू फुटलं. मग अशी शिसारी आली की पान तसंच ठेवून उठले.

ती वाटणी तुझ्या डोळ्यांदेखत झाली होती. वरच्या आळीचे लोक देवळाच्या खोलीतून टोप उचलून घेऊन गेले, विजय मिळवल्यासारखे, टेंपोत घालून. झाकणं त्या दिवशी कल्हईवाल्याकडून यायची होती, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी झाकणं आली ती खालच्या आळीनं दाबून ठेवली. तू दोन्हीकडं सांगत फिरलास, "आरं, झाकणाबिगर टोप काय कामाचा आन टोपाबिगर झाकन काय कामाचं?" वरचे म्हणाले, आमी नवीन झाकणं करू. खालचे म्हणाले, आमी झाकणांत पापड वाळवू. ही आपली माणसं, दादा. ह्यांच्यासाठी तू जीव टाकलास.

दिवाळीनंतर तुला गावकीचा अध्यक्ष केला, तेव्हाच मला वास आला होता. तू तीस वर्षं खालापूरच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळलंस, जुने फेरफार नि सातबारे हुडकून दिलेस, कोणाला अरे म्हटलं नाहीस. रिटायर होऊन आलास तर गावाला वाटलं, हे बरं गरीब माणूस सापडलं, ह्याला पुढं बसवू आणि मागं आपलं चालवू. हार घातला तुझ्या गळ्यात. तू खूश! दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणवाडीत येऊन विचारलंस, "सुमे, गावकीचं दप्तर बघितलंस का गं? पाच पावसाळं भिजल्यालं हाय. मी नवं करतो." पोरं खिचडी खात होती नि तू दप्तराचं सांगत होतास. मी म्हटलं, दादा, दप्तर राहू दे, वरच्या आळीत काय शिजतंय ते बघ.

वरच्या आळीत काय शिजतंय ते मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याच घरात शिजत होतं. मी जन्मले खालच्या आळीत, दिली वरच्या आळीत. दोन्हींच्या मधे देऊळ, देवळाला लागून माझी अंगणवाडी. चालत गेलं तर माहेर ते सासर एक विडा चघळून होत नाही. आमचे मोठे चुलतदीर बबनभावजी, नव्या रस्त्याकडच्या जमिनी बंगलेवाल्यांना दाखवून दाखवून शेठ झालेले. त्यांना सगळं मिळालं होतं, एक गोष्ट सोडून. होळीचा पहिला विस्तव आपल्या घरातनं जातो. आपल्या बापानं नेला, त्याच्या बापानं नेला, मग तू नेलास. गॅस येऊन किती वर्षं झाली, तरी वहिनी त्या दिवशी परसात तीन दगड मांडून चूल पेटवते आणि तू खापरीत निखारे घेऊन देवळापुढं जातोस. सगळा गाव मागं. त्या खापरीवर भावजींचा डोळा. म्हणे, मान फिरता पाहिजे. म्हणे, खालच्या आळीची मक्तेदारी आमी का सोसावी? नाहीतर आमची गावकी वेगळी, आमची होळी वेगळी.

एका खापरीसाठी! मी घरात म्हटलं, भावजी, तुम्हाला निखारेच पाहिजेत तर आमच्या चुलीतले न्या की. तर आमचे हे माझ्यावर डोळे वटारतात. भावासमोर कधी तोंडातून शब्द फुटला नाही ह्यांच्या, पण बायकोसमोर डोळे मात्र मोठे होतात.

आपलं भांडण त्यावरच झालं, आठवतं का? कडावच्या बाजारात, भजीवाल्याच्या बाकावर. मी म्हटलं, "जाऊ दे की त्यांना. नको म्हणतायत ना एकत्र, मग धरून कशाला ठेवतोस? भाऊ भाऊ वेगळे होतात, गाव झाला तर काय झालं?"

तू भजी हातात धरून ठेवलीस. "वेगळा झाला की काय व्हतं ते म्हायती हाय का तुला? ह्यो त्येच्या लग्नाला जायाचा नाय, त्यो ह्येच्या मयताला यायाचा नाय. पलीकडच्या गावात झालंय. सख्ख्या भैनी रस्त्यात तोंड फिरवून जातात."

"ते कायद्यात बसत नाही, तूच सांगायचास."

"कायदा कर्जतला ऱ्हातो गं. हितं गावकी ऱ्हाती."

मग मी चिडले. तुला म्हटलं, तुला अध्यक्षपण आवडलंय, म्हणून गाव सोडवत नाही. तू माझ्या भज्यांचे पैसे देऊन पिशवी घेऊन चालायला लागलास. ते भांडण तिथंच राहिलं. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर होतं. त्या लोकांना एकत्र ठेवण्यात काही अर्थ नव्हता. पण तुला अध्यक्षपण आवडलंय हे मी खोटं बोलले. तुला वाईट वाटावं म्हणून बोलले.

माघात त्यांनी ठराव केला. ह्या होळीपासून वरच्या आळीची गावकी वेगळी. आणि आळी कोणी ओलांडायची नाही, लग्नाला नाही, बारशाला नाही, मयताला नाही. ओलांडेल त्यानं भर बैठकीत नारळ ठेवून माफी मागायची, नाहीतर त्याचं घर बाहेर.

आणि तू काय केलंस? मान सोडायला निघालास! गावकीच्या बैठकीत उभा राहिलास नि म्हणालास, विस्तव आमच्या घरचा नको, ह्या वर्षी वरच्या आळीतल्या कोणत्याही घरचा न्या, मी स्वतः मागं चालत येतो, पण होळी एकच करा. मला वाटलं, आता तरी लाज वाटेल. कसली लाज? खालची आळी उठली, "बापजाद्याचा मान इकतोस व्हय रं?" आपल्याच चुलत्यानं तुझ्यापुढं थुंकलं. आणि भावजी घरी येऊन पाटावर बसून हसत होते. म्हणाले, "आध्यक्ष घाबारला. आता तर आपुन अजाबात थांबायचा नाय." मी वाढत होते. हातातली आमटीची वाटी त्यांच्या डोक्यावर ओतावी असं मनात आलं. ओतली नाही. त्यांना आणखी भात हवा का विचारलं. मी पण तसलीच, दादा. तुला मी काही वेगळी वाटत असेन तर चुकतोयस.

तुझ्यासारखं कोणी दुसऱ्याचं इतकं करत नाही. मला दहावीपर्यंत शिकवायला बापाची तयारी नव्हती. तू सायकलच्या दांडीवर मला कडावच्या शाळेत सोडायचास आणि मग उलटा कामाला जायचास. पावसात माझं दप्तर तुझ्या शर्टाच्या आत. त्या दहावीवर मला अंगणवाडी मिळाली, त्यावर माझं घर उभं राहिलं, आणि त्याच घराच्या उंबऱ्यावर तू आलास तेव्हा मी तुला आत घेतलं नाही.

होळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. सकाळी नऊ-साडेनऊ. मी डबा भरत होते. तू अंगणात उभा, हातात पिशवी, पिशवीत कढीपत्ता. वहिनीनं दिला होता, दर आठवड्याला देते तसा. समोरच्या पडवीतून भावजींची बायको बघत होती. आत आमचे हे चहा पीत होते, त्यांचा कप बशीवर वाजला तेवढाच. मी दारात आले नि म्हटलं, "दादा, आता येत जाऊ नको." बस, येवढंच. ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही, पाणी पण विचारलं नाही.

तू म्हणालास, "बरं." मग विचारलंस, "गुडघा कसा हाय गं तुजा?"

मी म्हटलं, बरा आहे. बरा नव्हता. कढीपत्ता घेतला नि आत आले. तो मी त्या दिवशी फोडणीत पण घातला. खाल्ला सगळ्यांनी.

मग तो दिवस. होळीच्या आदल्या दिवशीची सकाळ, अकराचा सुमार. आजवर गावात सावरीचं एक झाड यायचं, त्या दिवशी दोन आली. खालच्यांचं झाड खांद्यांवर, वरच्यांचं झाड आमच्या ह्यांच्या टेंपोत, मागं निम्मं बाहेर लोंबत. वर जायचा रस्ता देवळापुढून. खालच्यांनी तो अडवला. काठ्या होत्या, दादा. दोन्हीकडं होत्या. बायांनी पण दारांमागं मिरचीपूड काढून ठेवली होती. मी पोरांना आत कोंडून कडी लावली आणि खिडकीत उभी राहिले.

तू मधे आलास. हात पसरून उभा राहिलास, एस्टी थांबवावी तसा. म्हणालास, "दोन्ही झाडं हितंच लावा. येकाच होळीत दोन झाडं. काय बिघाडतं?" इतकी साधी गोष्ट होती ती. कोणीतरी खालून ओरडलं, मधनं बाजूला हो रं म्हाताऱ्या. कोणीतरी वरून शिवी दिली. मग तू छातीवर हात ठेवलास आणि हळूच खाली बसलास, चपला नीट बाजूला सरकवल्यास. मला वाटलं, उपोषणाला बसलास की काय. मग आडवा झालास.

मी कडी काढून पळत आले. तुझा चेहरा राखेसारखा, घाम इतका. मी ओरडले, टेंपो काढा, कर्जतला न्या. गावात त्या वेळी उभी असलेली गाडी ती एकच. आमच्या ह्यांचा हात खिशात चावीवर गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी भावजींच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या नवऱ्यानं, माझा भाऊ रस्त्यात पडलेला असताना, चुलतभावाच्या तोंडाकडं बघितलं.

भावजी म्हणाले, "टेंपोत झाड हाय. ते खाली टेकत नाय."

हो, नाही टेकत. तोडलेलं होळीचं झाड लावायच्या जागेशिवाय जमिनीला टेकवायचं नाही, ही आपली रीत. टेकलं तर गावाला बाधतं म्हणे. मग ते खांद्यावर घ्यायचं तर वरच्या आळीची माणसं पुरेनात, टेंपोसोबत पोरंठोरं दहाबारा आलेली, बाकीचे वर खड्डा खणत होते. खालचे चाळीसजण समोर उभे. ते म्हणाले, त्यांच्या झाडाला आमी खांदा देनार नाय. आणि तू त्या दोघांच्या मधे, डांबरावर, उन्हात. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. एकेकाला मी भरवलंय, दादा. त्यातल्या निम्म्यांची नाकं पुसलीत मी अंगणवाडीत. एक पुढं येईना. मेल्यांनो, माणूस जातंय रे, म्हटलं. तर एकजण म्हणतो कसा, ताई, रीत हाय.

किती वेळ गेला मला ठाऊक नाही. शेवटी मी आमच्या ह्यांच्या खिशात हात घालून चावी ओढून काढली, खिसा फाटला त्यांचा. मग ते हलले. तुला उचलला आणि त्या झाडाच्या शेजारीच टेंपोत घातला. तुझं डोकं माझ्या मांडीवर, तुझ्या अंगाला लागून सावरीचं झाड, काट्यांसकट. प्रत्येक खड्ड्यात ते तुझ्या खांद्यावर यायचं, मी हातानं ढकलत होते. अजून माझ्या तळहातात काटे आहेत. कर्जतच्या अलीकडं तू एकदा डोळे उघडलेस. मग मिटलेस ते मिटलेसच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

आता ऐक पुढचं, कारण तू हे बघितलं नाहीस, आणि बरंच झालं. तुला घेऊन दुसरी गाडी येण्याआधी टेंपो गावात पोचला होता. झाड पोचवायचं होतं ना! प्रेत शेजारी ठेवून नेलेलं झाड. एरवी विटाळ, सुतक करून जीव खातात, मयताच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्या झाडाला कसला विटाळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच झाड वर उभं करून पेटवलं, स्पीकर लावून. आणि खालचे काही कमी नाहीत. मानाच्या घराला सुतक, विस्तव कुठून आणणार? एकानं खिशातनं सिगरेटचा लायटर काढला नि झालं काम. ज्या विस्तवासाठी काठ्या काढल्या, तो असा खिशातनं आला आणि कोणाला काही वाटलं नाही. एका गावात दोन होळ्या, आणि तुझी चिता नदीवर अजून धुमसत होती. वरच्या आळीतून तुझ्या सरणाला एक लाकूड आलं नाही.

मी मात्र आले. तिन्ही वेळा आले, आग देताना, दहाव्याला, आणि काल. आमचे हे रोज जेवायला बसतात, मी वाढते, आणि ताटाकडं बघत खातात. मला त्यांचा राग येत नाही आता. किळस येते. त्यांच्या हाताची येते, त्या खिशात थांबलेल्या.

परवा भावजींकडून निरोप आला. आळी ओलांडली म्हणून रविवारी बैठकीत नारळ ठेवून माफी मागायची. नाही मागितली तर आमचं घर बाहेर. आमचे हे म्हणाले, "माग की. तुजं काय जातंय?"

काल सगळे पांगल्यावर वहिनीनं तुझी फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "ह्यात तुजं नाव हाय बग." वरच्या आळीनं तुला दिलेलं पत्र होतं. आम्ही खालील सह्या करणारे स्वखुशीने वेगळे होत आहोत. प्रत्येक घरातून एक पुरुष, एक बाई. बायांमध्ये पहिली सही माझी.

खरं आहे. मी केली होती. भात चुलीवर होता, भावजी दारात कागद घेऊन उभे, हे म्हणाले कर. पदराला हात पुसला नि केली. वाचलं सुद्धा नाही असं सांगून सुटका करून घेतली असती, पण दादा, मी वाचलं होतं. रोज रजिस्टर भरणारी बाई मी, नजर आपोआप फिरते. अध्यक्षाच्या बहिणीची सही सगळ्यात वर पाहिजे, हे पण भावजी माझ्यासमोरच बोलले होते.

त्या पत्राच्या कोपऱ्यात तुझं अक्षर, "मिळाले", आणि खाली तारीख. तू कढीपत्ता घेऊन आलास त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे माझी सही वाचून तू माझ्या दारात आला होतास आणि माझा गुडघा विचारत होतास.

आणि प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. भेटलो, ऐकत नाही. भेटलो, विचार करतो म्हणाला. भेटलो, बायकोला पटतंय. सगळी आळी तू गुपचूप पालथी घातली होतीस, घर न् घर. माझ्या नावापुढं लिहिलं होतंस, "सुमी. हिला विचारायचं नाही. हिला तिथं राहायचंय."

रविवारी मी बैठकीला जाणार आहे, नारळ न घेता. त्यांचं पत्र पुढं टाकीन आणि सगळ्यांदेखत त्यावरचं माझं नाव खोडीन. मग घर बाहेर पडायचं तर पडू दे, ह्यांना पटलं तर माझ्याबरोबर, नाहीतर त्यांच्या भावाबरोबर. त्यानं तू परत येणार नाहीस नि गाव एक होणार नाही, ते मला कळतं.

पण तू विचारायचं होतंस रे. मी नाहीच म्हटलं असतं त्या दिवशी. ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू मला वाचवलंस. तरी एकदा विचारायचं होतंस, दादा.